आज आयर्विनला किती फूट?

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेल्या गाड्या पेठ नाक्यावर थांबल्याच तर चहापुरत्या थांबतात आणि सरळ पुढे निघून जातात. त्याच नाक्यावरून डावीकडे इस्लामपूर, आष्टा, तुंग, डिग्रज करत सांगलीला जाणारा रस्ता फुटतो. घाईतल्या माणसाला त्याचं काही काम नाही. ज्याच्या हाताशी अर्धा दिवस मोकळा आहे, त्याने मात्र गाडी जरूर वळवावी. चाळीसेक किलोमीटरच्या या रस्त्याच्या टोकाला कृष्णेवरचा आयर्विन पूल आहे, आणि त्याच्यासाठी वाट वाकडी केल्याचं समाधान मिळतं.

रस्ता उसातून जातो. हंगामात गेलात तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे रांगेत राहावं लागेल. तेव्हा काच खाली करावी आणि उसाचा वास घ्यावा. हा रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम होता. रुंदीकरणाने तो सुधारत चालला आहे, पण कडेची सावली त्यापायी कमी झाली. इस्लामपूरपासून थोडं आत बहे गावाशी कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे आणि तिथे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. वेळ असेल तर तेही पाहून घ्यावं. आष्ट्याच्या पुढे जमीन सपाट आणि काळी होत जाते, आणि सांगलीवाडी ओलांडली की रस्ता पुलावर चढतो.

आयर्विन पूल न पाहिलेल्या माणसालाही तो ऐकून माहीत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये बातम्यांत रोज सांगतात, ‘सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी इतके फूट इतके इंच.’ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. देशाने मीटर स्वीकारून किती दशकं झाली, पण सांगलीची कृष्णा अजून फूट आणि इंचातच चढते-उतरते. पावसाळ्यात पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेला सांगलीकर घरी फोन लावतो आणि तब्येतपाण्याच्या आधी विचारतो, “आज आयर्विनला किती फूट?” महाराष्ट्रात जुने पूल पुष्कळ आहेत. पण सगळं गाव रोज सकाळी ज्याच्यावरचा आकडा वाचून आपला दिवस ठरवतं, असा दुसरा पूल मला ठाऊक नाही.

पुलाचा इतिहास सांगलीकरांना तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत हा पूल बांधला गेला आणि १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयर्विननी वसाहतीच्या स्वराज्याची घोषणा केली होती. शाळेत आपण गांधी-आयर्विन करार शिकलो तो १९३१चा. पुढे इंग्रज गेले, संस्थान विलीन झालं, नाव बदलण्याच्या गोष्टीही अधूनमधून निघाल्या असतील. गावाच्या तोंडी मात्र ‘आयर्विन’च राहिला. रिक्षावाल्याला नुसतं ‘आयर्विनला’ म्हटलं तरी पुरतं.

पुलावर गाडी थांबवू नये, सांगलीच्या बाजूला उतरून कुठेतरी लावावी आणि पायी घाटावर जावं. पूल खालून पाहायचा असतो. गाडीतून जाताना तो कठडे असलेला एक अरुंद रस्ता वाटतो. घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की मग त्याच्या दगडी कमानी दिसतात, एकीतून पुढचं पाणी, दुसरीतून पलीकडची झाडं. पाणी कमी असताना खांबांची उंची पाहून माणूस चकित होतो. एवढ्या उंच कशासाठी बांधला असेल, असं मनात येतं, आणि लगेच खांबावर रंगवलेले फुटांचे आकडे नजरेस पडतात. खाली दहा-पंधरावर रेंगाळणारं पाणी. ४०ची रेघ मान वर करून शोधावी लागते. २०१९च्या ऑगस्टमध्ये नदी तिच्याही वर, ५७ फुटांच्या पुढे गेली होती. आकडा वाचणं वेगळं आणि त्या रेघेखाली उभं राहून वर पाहणं वेगळं. पायऱ्यांवर कपडे धूत असलेल्या बाईंनी माझ्या नजरेचा रोख पाहिला आणि हात आणखी वर करून म्हणाल्या, “तिथंवर न्हाई, त्याच्या बी वर.”

त्यांनीच मला सांगलीवाडीतल्या एका आजोबांकडे पाठवलं. पंचाहत्तरी ओलांडलेले, अंगाने काटक, छाती अजून रुंद. ऐन उमेदीत पुलाच्या कठड्यावरून पुरात उड्या टाकणाऱ्यांत यांचं नाव पहिलं घेतलं जायचं, असं दोघा-तिघांनी सांगितलं. आजोबांच्या आज्याची नदीवर नाव होती. पूल नव्हता तेव्हा पावसाळ्यात पैलतीरावर जायचं म्हणजे नावेतूनच. माणसं, गुरं, धान्याची पोती, लग्नाची वऱ्हाडं असं सगळं त्या नावेने वाहिलं.

“पूल झाला आन् आज्याची नाव बसली,” आजोबा म्हणाले. “वडील म्हनायचे, आजा रोज संध्याकाळी काठावर यायचा आन् पुलाकडं बघत बसायचा. राग न्हवता पन. म्हनायचा, चांगलं काम केलंय.”

त्या नावाड्याचा नातू त्याच पुलावरून नदीत उडी मारायला शिकला. उडी मारण्याचं शास्त्र त्यांनी मला बसल्या जागी समजावलं. पूर चढत असताना उडी टाकायची नाही, कारण तेव्हा पाण्यात झाडं, ओंडके, कधी मेलेली जनावरं येतात. पाणी ठरलं की टाकायची. कमानीच्या मधोमध टाकायची, खांबाजवळ नाही. खांबाच्या मागे भोवरा असतो. सूर मारायचा मोह टाळायचा आणि पाय जुळवून उभं पडायचं. वर आलं की समोरच्या काठाकडे पोहायला जायचं नाही. “धारंशी भांडन करायचं न्हाई, पाव्हणं. तिच्यासंगं जायाचं आन् तिरकं तिरकं काठाला लागायचं. पार खाली हरिपुराच्या अंगाला निघालं तरी चालतंय, मागारी चालत यायचं.” आता पोलीस पुलावरून उडी टाकू देत नाहीत. ते बरोबर आहे, असं आजोबांचंही मत पडलं. “पोरांना नदी म्हाईत न्हाई आता. उडी तेवढी म्हाईत हाय.”

लहानपणी पुरात ते काहिलीतून हिंडल्याचं त्यांनी सांगितलं. काहील म्हणजे गुऱ्हाळावरची रस आटवायची भली मोठी पसरट कढई. कृष्णा-वारणा काठच्या गावांत पुराच्या दिवसांत तिचीच नाव होते. चार माणसं बसतात, एक जण वल्ह्याने किंवा हातांनी पाणी मारतो आणि काहील गोल गोल फिरत पुढे सरकते. २०१९ला रबरी बोटी आल्या, जवान आले, हेलिकॉप्टरं आली. आजोबांच्या डोळ्यांसमोर अजूनही ती काहीलच होती आणि तिच्यात मधोमध, हलू नकोस म्हणून दटावून बसवलेली त्यांची आई.

पुराचं गणित मला त्यांच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. कराडला कोयना कृष्णेला मिळते, त्यामुळे कोयना धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी सांगलीकडे निघतं. इथवर तर आपण सगळेच समजतो. पण सांगलीच्या खाली, हरिपूरला, वारणा येऊन मिळते. वारणाही फुगलेली असली की कृष्णेला पुढे सरकायला जागा उरत नाही, ती अडते आणि गावात पसरते. म्हणून आजोबा आकडा ऐकतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, “वारणा कशी हाय?” इशारा पातळी गाठायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्त्याकडच्या घरांत पाणी शिरतं आणि ती माणसं सामान बांधून शाळांमध्ये जातात. २००५ला ५३ फुटांवर गेलं तेव्हा म्हणाले, असं पुन्हा होणार नाही. २०१९ला बाजारपेठ पाण्यात गेली. २०२१ला नदीने पुन्हा पन्नाशी ओलांडली. दुकानदार आता तळघरात माल ठेवताना विचार करतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, पूररेषेतली बांधकामं, नाल्यांवर घातलेले भराव यांवर सांगलीत प्रत्येकाचं मत आहे आणि प्रत्येकाकडे त्याचे दाखले आहेत. नैसर्गिक नाले बुजवून पाण्याची वाट अडवली गेली, एवढं तर फेरफटका मारणाऱ्या परक्या माणसालाही दिसतं.

पुरातली आणखी एक गोष्ट या नदीवर घडली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं योग्य नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि नदीकडे धावले. पावसाळ्याचे दिवस, कृष्णा दुथडी भरलेली, पाठीवर पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळीबारात हुतात्मा झाले. वसंतदादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुढे ते चार वेळा मुख्यमंत्री झाले हे सर्वांना माहीत आहे. त्यांचं स्मारक कृष्णाकाठीच आहे. पत्रावळे आणि जाधव यांची नावं मात्र सांगली-साताऱ्याबाहेर किती जणांना ठाऊक असतील? पुलावर व्हाइसरॉयचं नाव आहेच. त्याच पुलाच्या तोंडाशी या दोघांची गोष्ट ठसठशीत अक्षरांत लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

पुलाची देखभाल हा वेगळा विषय आहे. २०१६च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा दगडी पूल रात्री वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. तो १९२८चा होता, आयर्विनच्याच वयाचा. त्यानंतर जुन्या पुलांकडे सगळीकडेच भीतीने पाहिलं जाऊ लागलं. आता आयर्विनच्या शेजारी नवा पूल आला आहे. तो हवाच होता, कारण आजच्या वाहतुकीचं ओझं जुन्यावर टाकणं अन्याय होता. एका बाजूने कमानी आता पूर्वीसारख्या मोकळ्या दिसत नाहीत, याचं वाईट वाटतं, पण तेही सोसता येईल. सोसवत नाही ती अनास्था. दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपं धरली आहेत, आणि त्यांची मुळं काय करतात हे कुठलाही गवंडी सांगेल. कठड्यावरून निर्माल्याच्या पिशव्या प्लास्टिकसकट नदीत पडतात. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं, ही तक्रार तर मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे. पावसाळ्याचे चार महिने सगळा महाराष्ट्र या पुलाकडे पाहतो आणि उरलेले आठ महिने कुणीच नाही. आता त्याच्यावरचं ओझं कमी झालं आहे, तर सगळा पूल पायी फिरणाऱ्यांसाठी राखावा, बसायला जागा करावी, २००५, २०१९ आणि २०२१च्या पाण्याच्या रेघा खांबांवर ठळक कोराव्यात. फार खर्चाचं काम नाही हे.

पूल पाहून झाला की हरिपूरला जावं. चिंचांच्या सावलीचा रस्ता, शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. इथेच हळदीची पेवं आहेत: जमिनीत खोल खणलेली, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, तळाशी आणि कडेने पाचट लावून त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं, मगच माणूस खाली सोडायचा. ही माती हळद सांभाळणारी, आणि नेमकी ती नदीकाठची. २००५च्या पुराने पेवांत पाणी शिरलं, कित्येक कायमची निकामी झाली. आता हळद गोदामांत आणि शीतगृहांत जाते. एका व्यापाऱ्याने मला शेतातल्या गवतातलं जुन्या पेवाचं तोंड दाखवलं. त्यावर फरशी टाकली होती. “पोरं पडतील म्हणून,” ते म्हणाले.

परतताना मंडईत कृष्णाकाठची वांगी घ्यावीत. पुराने आणून टाकलेल्या मळीत ती पिकतात आणि भरून केली तर दुसऱ्या कुठल्याही वांग्याला ती चव नाही. भडंगाचा पुडा तर घ्यायलाच हवा.

पुढे कोल्हापूरला जायचं असेल तर पेठेला मागे वळायची गरज नाही. अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडून जयसिंगपूर, हातकणंगले करत गेलं की महामार्ग पुन्हा हाताशी येतो. फक्त पावसाळ्यात निघण्यापूर्वी आयर्विनचा आकडा पाहून घ्या. तीसच्या आत असेल तर बेधडक या. चाळीसच्या पुढे आणि चढता असेल, तर पेठ नाक्यावरून सरळ जा आणि दिवाळीनंतर सवडीने या. तेव्हा पाणी निवळलेलं असतं, पायऱ्या मोकळ्या असतात आणि कमानी तळापासून दिसतात.