अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या कडेला येणारा टणक उंचवटा म्हणजे बनियन. डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. हाड वाढले, असा बहुतेकांचा समज होतो. खरे तर ते जागचे सरकलेले असते. अंगठ्यामागचे लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने झुकते, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि मधला सांधा बाहेर येतो. एक्स-रेमध्ये अंगठ्याचा कल 15 अंशांहून जास्त दिसला की निदान पक्के होते. हाडच सरकलेले असल्यामुळे लेप लावून किंवा चोळून हा उंचवटा जिरत नाही.

पायाची ठेवण बरीचशी वारशाने येते. बनियन होण्यात सैल सांधे आणि आमवात यांचाही हात असतो. पण पादत्राणांचा दोष कमी लेखू नये. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जुन्या दफनभूमींतल्या 177 सांगाड्यांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 11 ते 13व्या शतकातल्या सांगाड्यांपैकी 6 टक्क्यांत ही विकृती आढळली, तर 14व्या-15व्या शतकातल्या 27 टक्क्यांत. 14व्या शतकात तिथे लांब, टोकदार बुटांची फॅशन आली होती. आजची अरुंद टोकाची उंच टाचेची सँडल तेच करते, शिवाय शरीराचा भार पुढे चवड्यावर ढकलते. स्त्रियांमध्ये हा त्रास जास्त आढळतो.

उपचाराची सुरुवात त्यामुळे जोड्यापासूनच होते. एक सोपी तपासणी घरी करता येते. कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी आणि तिच्यावर जोडा ठेवावा. रेघ जोड्याबाहेर दिसली, तर तो जोडा पायाला अरुंद आहे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पायांत घालून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी आणि बोटे मोकळी हलायला हवीत. चपलेचा पट्टा नेमका उंचवट्यावर घासत असेल, तर ती चप्पल बदलावी.

मऊ पॅड, बोटांमध्ये ठेवायचा सिलिकॉनचा तुकडा आणि बर्फाचा शेक यांनी दुखणे कमी होते. रात्री बांधायचे पट्टे मात्र मोठ्या माणसाचे वाकलेले हाड कायमचे सरळ करत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

एवढे करूनही चालणे कठीण झाले, तर शस्त्रक्रिया करतात: हाड कापून सरळ बसवतात, बहुधा स्क्रूने पक्के करतात. हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, सूज काही महिने राहू शकते आणि विकृती पुन्हाही येऊ शकते. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

सांधा अचानक लाल, गरम होऊन असह्य ठणकू लागला, तर तो गाऊट किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. लगेच डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी तर तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात, पाय धुऊन नीट कोरडे करावेत आणि कुरूप ब्लेडने कधीही कापू नये. संवेदना कमी झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही.