भूल आणि हृदयाचा विसावा

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उभ्या आहेत. घाटामागील गल्ल्यांत मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. कार्तिकस्नान आटोपून बिंदुमाधवाच्या देवळाकडे निघालेला एखादा वृद्ध गृहस्थ या पायऱ्यांवर मध्येच थांबतो, छातीवर हात ठेवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चढू लागतो. पाय थकले म्हणून तो थांबला, की हृदय थकले म्हणून? त्याच्यावर उद्या शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरास प्रथम हेच जाणून घ्यावे लागेल.

दोन मजल्यांइतका जिना चढताना शरीरास विश्रांतीच्या सुमारे चौपट प्राणवायू लागतो. हे ज्यास न थांबता साधते, त्याचे हृदय शस्त्रक्रियेचा ताण बहुधा सोसते. अर्थात गुडघेदुखीमुळे जो पायऱ्या चढतच नाही, त्याच्या हृदयाची परीक्षा झालेलीच नसते.

हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांना हृद्-रोहिणी म्हणतात. त्यांतून आलेल्या रक्तातील सुमारे 70 टक्के प्राणवायू हृदय विश्रांतीच्या वेळीही काढून घेते. म्हणजे गरज वाढली की अधिक रक्तच हवे. आणि चरबीच्या थरांनी अरुंद झालेली रोहिणी तेवढे देऊ शकत नाही. शिवाय हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीस रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात. मिनिटास 60 ठोके पडत असता एका ठोक्याच्या वाट्यास एक सेकंद येतो, व त्यातील सुमारे दोन-तृतीयांश विसावा असतो. ठोके 120 झाले की अवघा अर्धा सेकंद उरतो, आणि काट पडते ती बहुतांशी विसाव्यालाच.

भुलीची बहुतेक औषधे रक्तवाहिन्या सैल करतात व हृदयाचे आकुंचन सौम्य करतात. हृदयाचे श्रम कमी होतात हा लाभच. पण रक्तदाब फार उतरला, तर अरुंद रोहिणीतून रक्त पुढे ढकलणारा जोरही जातो. उलट घशातून श्वासनलिकेत नळी घालताना नाडी व दाब एकदम चढतात. कमरेत सुई टोचून दिलेली भूल हृदयास निर्धोक असते, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. तीही पायांतील वाहिन्या सैल करून दाब उतरविते. म्हणून औषध थोडेथोडे द्यावयाचे, नाडी संथ राखावयाची आणि दाब रुग्णाच्या नेहमीच्या दाबाच्या जवळपास ठेवावयाचा.

एके काळी याविषयी मतभेद होते. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत 1888 व 1889 साली भरलेल्या क्लोरोफॉर्म आयोगांनी श्वासावर लक्ष ठेवण्यावर भर दिला आणि हृदयाचा धोका नाकारला. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी दाखविले, की अपुऱ्या क्लोरोफॉर्मखाली हृदयच एकाएकी बंद पडू शकते.

घाटावरील गृहस्थ छातीत दुखताच थांबतो. भुलेत दुखणेच कळत नाही. थांबा म्हणून सांगणारा कोणी उरत नाही. ते काम हृदयाचा विद्युत्-आलेख आणि पडद्याकडे पाहत बसलेला डॉक्टर करतो. शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन दिवसही असेच जोखमीचे असतात. जखमेची वेदना, थंडीची हुडहुडी व रक्तस्राव हृदयावर भार टाकतात, आणि वेदनाशामक औषधांखाली छातीचे दुखणे झाकले जाते. नाडी संथ ठेवणारी नित्याची गोळी रुग्णाने आपल्या मनाने बंद केली, तर हृदय उलट अधिक धावू लागते. जिना कितपत चढता, असे डॉक्टरांनी विचारले, तर कितव्या पायरीवर थांबावे लागते आणि थांबताना कोठे दुखते, तेवढेच सांगावयाचे असते.