हरलेल्या संघानें काय सुधारावें?



2025 च्या उन्हाळ्यांत इंदापूर तालुक्यांतील वरकुटे या गांवीं जाण्याचा योग आला. सायंकाळीं मुलांचा कबड्डीचा डाव मातींत चांगलाच रंगला होता. खेळ आटोपल्यावर अंगावरची माती झटकीत एका चुणचुणीत मुलानें मला विचारलें, "काका, औंदा पुणेरी पलटणनं कुणाला विकत घ्यावं?"

मूल तें; त्याचा प्रश्न असाच असावयाचा. पण हरलेल्या संघांचे जाणते चालकही लिलावाच्या वेळीं प्रथम हाच प्रश्न विचारतात, आणि माझ्या मतें चूक तेथेंच होते.

त्या मुलाची हळहळ मात्र खरी होती. 2014 सालीं व्यावसायिक कबड्डीची लीग सुरू झाली, तेव्हां पहिलीं दोन्ही वर्षें पुण्याचा संघ अगदीं तळाला राहिला. पुढें तरुण खेळाडू हातीं धरून त्यानें घडी बसविली. 2022 च्या डिसेंबरांत अंतिम सामना जयपूरकडून अवघ्या चार गुणांनीं गमावला आणि 1 मार्च 2024 रोजीं हैदराबाद येथें हरयाणाला 28-25 असें नमवून विजेतेपद मिळविलें. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस, 29 डिसेंबर रोजीं, पुढच्या हंगामाचा अंतिम सामना पुण्याजवळ बालेवाडीस झाला आणि त्यांत पुण्याचा संघ नव्हता! बादफेरीसुद्धां त्यानें गांठली नव्हती. कर्णधार अस्लम इनामदार हा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा गडी. गुडघा दुखावल्यामुळें त्याला हंगाम अर्ध्यावर सोडावा लागला होता. आदल्या वर्षीं पुण्याच्या विजयांत वाटा उचलणारा इराणी खेळाडू शादलुई या खेपेस हरयाणाकडे होता, आणि करंडकही हरयाणाच घेऊन गेला. तेव्हां "कुणाला विकत घ्यावं" हें त्या मुलाला सुचलें तर नवल नाहीं.

आतां खेळाची एक मूळ गोष्ट ध्यानांत घ्यावी. क्रिकेटमध्यें बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपला. कबड्डींत बाद झालेला गडी बाहेर बसतो खरा, पण आपल्या संघानें प्रतिपक्षाचा एक गडी टिपला कीं ज्या क्रमानें गडी बाद झाले त्याच क्रमानें एक आंत येतो. बोनसच्या गुणानें कोणी जिवंत होत नाहीं, हेंही लक्षांत असूं द्यावें. याचा अर्थ काय? लाखो रुपये मोजून आणलेला चढाईबहाद्दर पकडला गेला, तर तो किती वेळ बांकावर बसून राहील हें त्याच्या हातीं नसतें. मागें उरलेल्या गड्यांनीं पकड केली तर तो लगेच परततो. न केली तर तो बसल्या जागीं लोण चढलेला पाहतो. पराभवानंतर लोक म्हणतात, "चढाई कमी पडली." पुष्कळदां कमी पडलेली असते ती पकड.

याचा पडताळा दोन उदाहरणांत दिसतो. 2022 सालीं तामिळ थलैवाज संघानें पवन सेहरावत याला सुमारें 2 कोटी 26 लाख रुपयांना घेतलें. पहिल्याच सामन्यांत तो जायबंदी झाला. तरी उरलेल्या पोरांनीं संघ उपांत्य फेरींत नेला. तेथें पुण्यानेंच त्यांना हरविलें. पुढल्या हंगामांत तोच पवन 2 कोटी 60 लाखांवर तेलुगू टायटन्सकडे गेला, आणि तो संघ गुणतक्त्यांत सर्वांत खालीं राहिला. यांत पवनचा दोष नाहीं. एकटा गडी किती ओढणार?

म्हणून विश्रांतीच्या महिन्यांत दुरुस्ती करावयाची ती कोपऱ्यांची. डाव्या कोपऱ्यानें घोट्यावर झेप घेतली कीं शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणीं अंगावर पडला पाहिजे. अर्धा क्षण उशीर झाला तर एकाऐवजीं दोघे बाद होतात. ही जुळणी पैशानें येत नाहीं. तेच दोघे महिनोन्महिने शेजारीं उभे राहिले तर येते. चालक मात्र पराभव झाला कीं अर्धा संघ मोडतात आणि ती पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. त्याखालोखाल दुसरा, तिसरा चढाई करणारा तयार हवा. कारण दोन चढाया रिकाम्या गेल्या कीं तिसरींत गुण मिळवावाच लागतो, नाहींतर गडी बाद. ती जोखीम नेहमीं एकाच्याच गळ्यांत घातली तर प्रतिपक्ष त्याची वाटच पाहत बसतो.

उरला गुडघा. लीग संपली म्हणजे हे खेळाडू घरीं बसतात असें नव्हे. कोणी रेल्वेकडून, कोणी सेनादलाकडून, कोणी राज्याकडून पुन्हां मैदानांत उतरतो. संघाला वाटतें विश्रांति चालू आहे. गुडघ्याला ती ठाऊकही नसते. शेतकऱ्याच्या घरांतून आलेल्या मुलाचा गुडघा म्हणजे त्याचें शेत. त्याची निगा कोणीं राखावयाची, याचा बंदोबस्त लिलावाच्या आधीं व्हावयास हवा.

हें सारें त्या मुलाला मीं थोडक्यांत सांगितलें. त्याचें समाधान झालें नाहीं. "म्हंजे कुणालाच घ्यायचं न्हाई?" एवढेंच तो म्हणाला.

त्या वर्षीं अस्लम बरा होऊन परतला. 31 ऑक्टोबर 2025 रोजीं दिल्लींत पुणेरी पलटण पुन्हां अंतिम सामन्यांत उभी होती. दबंग दिल्लीनें तो सामना 31-28 असा जिंकला.