चिपच्या पायांची सूत्रे कुणाच्या हाती?

घरातला वाय-फाय राउटर, हातातले स्मार्ट घड्याळ, रुग्णाच्या उशाशी ठेवलेला इन्फ्युजन पंप. या प्रत्येकाच्या पोटात एक छोटा संगणक दडलेला असतो. त्याच्या मुख्य चिपला बाहेरच्या जगाशी जोडणारे धातूचे बारीक पाय म्हणजे ‘पिना’. चिपवर जागा थोडी आणि कामे फार, त्यामुळे एकाच पिनेला अनेक कामे करता येतील अशी सोय असते. पहिल्या रास्पबेरी पायमधल्या बीसीएम २८३५ या चिपला अशा ५४ पिना आहेत. साध्या चालू-बंदखेरीज एकेका पिनेला सहापर्यंत पर्यायी कामे नेमून देता येतात. उदाहरणार्थ, १४ क्रमांकाची पिन दिवा लावू शकते किंवा दुसऱ्या यंत्राला संदेशही पाठवू शकते. यापैकी कोणते काम, हे कुणीतरी सांगावे लागते.

हे सांगण्यात चूक झाली तर यंत्र नुसते अडून बसत नाही. जिथे सेन्सर आपला विद्युतसंकेत पाठवतो, तिथेच चिपनेही उलटा संकेत ढकलला, तर दोन्हींमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहून भाग जळू शकतात. म्हणूनच पिनांची मांडणी कोणी आणि कुठे लिहायची, हा प्रश्न अभियंत्यांच्या दृष्टीने किरकोळ नाही.

टेबलावरच्या संगणकात हा प्रश्न फारसा जाणवत नाही. यूएसबीला जोडलेला माउस स्वतःच आपली ओळख सांगतो. चिपच्या पिनेला मात्र पलीकडे मोटर आहे की दिवा, हे कळण्याचा मार्ग नसतो. ते ठाऊक असते फक्त सर्किट बोर्ड आखणाऱ्याला.

सुरुवातीला लिनक्समध्ये ही माहिती थेट कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, सी भाषेतील कोडमध्ये लिहिली जाई. प्रत्येक बोर्डासाठी वेगळी फाइल. एआरएम चिपवर चालणारे फोन आणि उपकरणे वाढली, तशा या फाइलीही वाढल्या. प्रत्येक चिप कंपनीची पिना हाताळण्याची रीत निराळी. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर ही माहिती कोडबाहेर काढण्याच्या कामाला वेग आला.

त्यासाठी ‘डिव्हाइस ट्री’ ही जुनी कल्पना कामी आली. बोर्डावर काय काय आहे आणि ते कशाला जोडले आहे, याचे वर्णन एका वेगळ्या फाइलीत करायचे. यंत्र सुरू होताना कर्नल ते वाचतो. त्याच सुमारास लिनस वॉलेय या स्वीडिश अभियंत्याच्या पुढाकाराने ‘पिनकंट्रोल’ ही सामाईक व्यवस्था तयार झाली. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.२ मध्ये तिचा समावेश झाला.

या व्यवस्थेने कामाची वाटणी केली. कोणत्या पिनेने कोणते काम करायचे, हे बोर्डाचे वर्णन सांगते. ते चिपच्या आत कसे घडवायचे, हे त्या चिपचा पिन-ड्रायव्हर जाणतो. मांडणी केव्हा बदलायची, उदाहरणार्थ बॅटरी वाचवण्यासाठी उपकरण झोपी जाताना, हे त्या उपकरणाचा ड्रायव्हर ठरवतो. त्यामुळे एकच ड्रायव्हर वेगवेगळ्या बोर्डांवर न बदलता चालतो.

वाद तरीही मिटलेला नाही. काहींचे म्हणणे असे की, कर्नलच्या आधी जागा होणारा बूटलोडर हाच पिना लावण्यास योग्य. कर्नलला त्याची उठाठेव कशाला? पण झोप आणि जाग यांमध्ये मांडणी बदलायची असेल, तर बूटलोडर तेव्हा हजर नसतो. शिवाय विकलेल्या उपकरणाचा बूटलोडर बदलणे जोखमीचे असते. ते अर्ध्यावर फसले तर यंत्र सुरूच होत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. लिनक्स उभे राहायला काही सेकंद लागू शकतात. समजा, एखाद्या इन्फ्युजन पंपाची मोटर चालू-बंद करणारी पिन तेवढा वेळ अधांतरी राहिली. ती चुकून ‘चालू’ वाचली गेली, तर औषधाचा अनाहूत डोस रुग्णाच्या शिरेत जाईल. हे क्षण कोणत्याही कार्यप्रणालीवर सोपवता येत नाहीत. तिथे पिनेला ‘बंद’कडे खेचून धरणारा छोटासा रेझिस्टर बोर्डावरच बसवावा लागतो. सॉफ्टवेअर जागे होण्यापूर्वीची सुरक्षितता तारांमध्येच असावी लागते.

अगदी लहान चिपांसाठी असलेल्या ‘झेफर’ या कार्यप्रणालीनेही डिव्हाइस ट्री स्वीकारला, पण वेगळ्या रीतीने. तिथे स्मरणशक्ती इतकी तुटपुंजी असते की, यंत्र सुरू झाल्यावर वर्णन वाचत बसणे परवडत नाही. म्हणून प्रोग्रॅम तयार होतानाच ते वर्णन कोडमध्ये मुरवले जाते. वाचण्याची वेळ बदलली, तरी वर्णन वेगळ्या फाइलीत ठेवण्याचे तत्त्व तेच राहिले.

या साऱ्यातून निघणारा नियम साधा आहे: जी गोष्ट ज्याला ठाऊक, ती त्याच्याकडेच राहावी. बोर्डाची माहिती बोर्डाच्या वर्णनात, चिपची चिपच्या ड्रायव्हरमध्ये. आणि जिथे चूक जिवावर बेतू शकते, तिथला पहिला पहारा मात्र खुद्द बोर्डावर.