खांद्याची हळद

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, जैनद या भागांत मराठी बोलणारी पुष्कळ शेतकरी कुटुंबे राहतात. १९५६ साली हा जिल्हा हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला व २०१४ पासून तो तेलंगणात आहे. तेथील काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी पिकते. ट्रॅक्टर आला, तरी कपाशीच्या ओळींतून डवरा फिरवावयास अनेक लहान शेतकऱ्यांस बैलच लागतो. ऐन पेरणीत एक बैल बसला, तर शेजाऱ्याची जोडी मोकळी होईपर्यंत खोळंबावे लागते. पाऊस काही कोणासाठी खोळंबत नाही.

श्रावण अमावास्येस पोळा असतो. आदल्या सायंकाळी बैलांस धुऊन त्यांच्या खांद्यांना हळद व तूप चोळतात, आणि उद्या जेवावयास या, असे आवतण देतात. हीच खांदेमळणी. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. हा सण आमच्या हिंदू शेजाऱ्यांचा असला, तरी त्यातील शहाणपण गोठा असलेल्या प्रत्येक घराने घ्यावे असे आहे.

नांगराचा व गाडीचा सारा भार खांद्यावर येतो. जू खडबडीत असले, जोडी उंचीने विजोड असली किंवा कातडी पावसाने भिजलेली असली, की खांदा घासला जातो, सुजतो व अखेरीस चिघळतो. म्हणून रोज औत सुटल्यावर खांद्यावरून हात फिरवावा. जागा गरम वा सुजलेली लागली, तर दुसऱ्या दिवशी त्या बैलास जुंपू नये. जखम झाली असेल, तर पशुवैद्यास दाखवावे. अशा वेळी नुसती हळद पुरत नाही.

हाताला न लागणारी दुखणीही असतात. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासून सरकारी योजनेतून विनामूल्य मिळते. लसीस भिणाऱ्यांनी बुळकांडीचे स्मरण करावे. गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग १९५४ पासून चाललेल्या लसीकरणाच्या मोहिमेने हटला. २००६ साली भारत व २०११ साली सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

बाकीची कामे घरातील सर्वांनी वाटून घ्यावीत. गोठ्यात ओल राहू देऊ नये. बुरशी आलेला कडबा घालू नये. पाण्याच्या ताणावर असलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर शिरू देऊ नये, कारण ती विषारी ठरते. कोणते जनावर रवंथ करीत नाही, हे मुलांच्या ध्यानात मोठ्यांच्या आधी येते. त्यांचे म्हणणे ऐकावे.

पोळ्याची झूल वर्षातून एकदाच निघते. खांद्यावरून फिरणारा धन्याचा हात मात्र बैलास रोज मिळावा, असे आम्हांस वाटते.