त्रिकुट पर्वतावरील माता वैष्णोदेवी

जम्मूपासून सुमारे ५० किलोमीटरवर, त्रिकुट पर्वताच्या पायथ्याशी कटरा हे गाव वसले आहे. येथे पाऊल ठेवताच 'जय माता दी' हा गजर कानी पडतो. चढणारे आणि उतरणारे भाविक एकमेकांना हेच म्हणत धीर देतात. वैष्णोदेवीची गुहा येथून सुमारे १३ किलोमीटरच्या चढणीवर, ५,२०० फूट उंचीवर आहे.

आख्यायिका अशी की, भैरवनाथ पाठलाग करू लागला तेव्हा देवीने वाटेतील एका अरुंद गुहेत नऊ महिने तप केले. हेच अर्धकुंवारी. पुढे मुख्य गुहेच्या दाराशी तिने भैरवाचा वध केला. मरताना त्याने क्षमा मागितली. तेव्हा, तुझ्या दर्शनाशिवाय माझी यात्रा पूर्ण होणार नाही, असा वर देवीने त्याला दिला. म्हणूनच भाविक परतण्यापूर्वी आणखी वर भैरव मंदिरात जातात.

गुहेत कोरीव मूर्ती नाही. महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती यांच्या तीन नैसर्गिक पाषाणपिंडी हेच देवीचे रूप. त्यांच्यासमोर जेमतेम काही क्षण उभे राहायला मिळते. पण तेवढ्यासाठी माणसे रात्रभर चालतात.

१९८६मध्ये श्राइन बोर्ड स्थापन झाल्यावर येथील चित्र पालटले. पक्की वाट, दिवे, भोजनालये, मुक्कामाच्या जागा झाल्या. २०१२मध्ये वर्षभरात एक कोटीहून अधिक यात्रेकरू आले. २०१८मध्ये ताराकोटचा नवा मार्ग खुला झाला आणि त्याच वर्षअखेरीस भवन ते भैरव मंदिर रोपवेही सुरू झाला.

सोयी वाढल्या, तरी डोंगर डोंगरच आहे. १ जानेवारी २०२२च्या पहाटे भवनाजवळ चेंगराचेंगरी होऊन १२ जण दगावले. २६ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसात अर्धकुंवारीजवळ दरड कोसळून ३०हून अधिक जणांचा बळी गेला आणि यात्रा काही आठवडे बंद राहिली.

'मातेचा बुलावा आल्याशिवाय दर्शन घडत नाही' अशी येथे श्रद्धा आहे. त्यामुळे इतक्या लांब आल्यावर मागे फिरणे अनेकांच्या जिवावर येते. पण पाऊस कोसळत असेल, तर एक दिवस कटऱ्यात थांबण्यात श्रद्धा उणी पडत नाही. परतीच्या तिकिटात एक-दोन दिवस हाताशी ठेवले की हा निर्णय सोपा होतो.

कसे जाल?

२०१४पासून रेल्वे थेट कटऱ्यापर्यंत जाते. दिल्लीहून वंदे भारत गाडीही आहे. चढण सुरू करण्यापूर्वी कटऱ्यात नोंदणी करून यात्रा कार्ड घ्यावे लागते. वृद्धांसाठी घोडे, पालखी, तसेच सांझीछतपर्यंत हेलिकॉप्टरची सोय आहे. मात्र खराब हवेत हेलिकॉप्टर उडत नाही. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नवरात्र, उन्हाळी सुट्टी आणि नववर्षाला प्रचंड गर्दी असते. जुलै-ऑगस्टचा पावसाळा टाळावा. हिवाळ्यात गर्दी कमी, पण थंडी कडक. सोबत लोकरीचे कपडे, न घसरणारे बूट, टॉर्च आणि नेहमीची औषधे ठेवावीत. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी जरूर घालावी.

उतरताना कटऱ्याच्या बाजारातून अक्रोड घ्यायला विसरू नका. वाट पाहणाऱ्या शेजाऱ्यांना प्रसादाबरोबर तेही हवे असतात!