किशोरवयीन फुटबॉलपटूंमधील संप्रेरके, प्रशिक्षणभार व शारीरिक सुदृढता : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके असून बालकांचे कुपोषण हा येथील जुना प्रश्न आहे. शालेय स्पर्धांतील वयोगट जन्मतारखेवरून ठरतात. शरीराची प्रशिक्षण पेलण्याची क्षमता मात्र बऱ्याच अंशी संप्रेरकांवर व आहारावर अवलंबून असते. ही तफावत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संप्रेरके व परिपक्वता :
पौगंडावस्थेत मुलांमधील टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते. त्यामुळे स्नायू व हिमोग्लोबिन वाढून ताकद, वेग व दमदारपणा येतो. उंचीवाढीचा वेग मुलींमध्ये सरासरी १२ व्या, तर मुलांमध्ये १४ व्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. व्यक्तिपरत्वे यात एक-दोन वर्षांचा फरक पडतो आणि दीर्घकालीन कुपोषणाने ही अवस्था आणखी लांबते. म्हणून निवड चाचणीत मागे पडलेला मुलगा कौशल्यात नव्हे, तर केवळ परिपक्वतेत मागे असू शकतो.

प्रशिक्षणभाराचे मापन :
श्रम व अपुरा आहार यांच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढू शकते. टेस्टोस्टेरॉन व कॉर्टिसॉल यांच्या गुणोत्तरातील घट हे अपुऱ्या विश्रांतीचे लक्षण मानले गेले. परंतु ही संप्रेरके दिवसभरात कमीजास्त होत असल्याने एका चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. शाळा-महाविद्यालयांसाठी सोपी पद्धत अशी : सरावानंतर खेळाडूने श्रमाला ० ते १० पैकी गुण द्यावेत व त्यांस सरावाच्या मिनिटांनी गुणावे. ६० मिनिटांच्या एकाच सरावास एकाने ५ व दुसऱ्याने ८ गुण दिल्यास त्यांचा भार अनुक्रमे ३०० व ४८० होतो. शाळेपर्यंतची पायपीट व शेतातील काम या हिशेबात येत नाही. त्याची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. या भागात सिकलसेल आजारही आढळतो. अशा विद्यार्थ्यांना वैद्यकीय सल्ल्यानेच सराव द्यावा. त्यांना पाणी व विश्रांती कमी पडू देऊ नये.

निष्कर्ष :
दर तीन महिन्यांनी उंची व वजन, तसेच दर आठवड्याचा एकूण भार नोंदविणे कोणत्याही क्रीडाशिक्षकास शक्य आहे. उंची झपाट्याने वाढत असताना भार बेताचा ठेवावा. आहाराची सोय नसता सराव वाढविल्यास सुदृढता वाढण्याऐवजी घटते. संघातून मुलास वगळण्यापूर्वी या नोंदी अवश्य पाहाव्यात.